खांबावरची शिशी

उकंडाच्या भट्टीला काडी लावायच्या आधी एक काम ठरलेलं होतं. शेडच्या खांबाला एरंडेलाची शिशी सुतळीनं टांगायची, तिला हळदीकुंकू लावायचं, हात जोडायचे आणि मगच खाली वाकायचं. त्याचा बाप तसंच करायचा, आजाही तसंच करायचा. आज्याच्या काळात शिशीच्या जागी मातीचं बोळकं होतं, एवढाच काय तो फरक. भाजलेल्या चुन्याचं आणि पाण्याचं हाडवैर; पाणी लागलं की तो उकळतो, उडतो, मडकं तडकवतो. म्हणून अंगावर चुना उडाला तर पाण्याचा थेंब लावायचा नाही. कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि एरंडेल चोळायचं. लोणाऱ्याच्या घरात पोराला हे बोलता येण्याआधी कळायचं.

पण गेली कित्येक वर्षं ती शिशी घरातल्या फळीवर धूळ खात पडली होती, कारण भट्टीच थंड होती. गावाला सिमेंट मिळालं, भिंतींना डब्यातला रंग मिळाला, पोळ्याला घर चुन्यानं पांढरं करणारी माणसं एकेक करून गेली. पानाच्या टपरीवरचा चुनासुद्धा नळीत भरून यायला लागला. उकंडा दुसऱ्याच्या वावरात रोजानं जाऊ लागला. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईनं त्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून उचललं होतं आणि नाव उकंडराव ठेवलं होतं. त्यातला राव लग्नपत्रिकेपुरता आला आणि गेला. तरी चुन्याचं काही विचारायचं असलं तर गावाला त्याच्याच दारात यावं लागे. विहिरीत किती टाकायचा, संत्र्याच्या बुंध्याला कसा लावायचा, गांधीलमाशी चावली तर काय करायचं. तेवढी एक गोष्ट त्याच्याजवळ शाबूत होती आणि तिचा त्याला ताठा होता. खोटं कशाला बोला, चांगलाच ताठा होता.

यंदा शिमग्याच्या सुमारास रोहिणखेडचा शकूर मिस्त्री त्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"उकंडाभाऊ, भट्टी पेटवा," गाडीवरून उतरता उतरताच तो म्हणाला. "जुन्या बारवेचं काम भेटलं मले. त्या दगडाइले सिमेट चालत नाही म्हनते. चुनाच पाह्यजे. अन् तोबी खडीचा."

"दुकानातला काऊन नाही चालत?" उकंडानं मुद्दाम विचारलं. त्याला ऐकायचंच होतं.

"तुमच्यासारका चिकट कोनाचा निंगते सांगा बरं?"

झालं. उकंडानं बायकोला, तानुबाईला, चहा टाकायला सांगितलं आणि स्वतः फळीवरची शिशी खाली काढून सदऱ्यानं पुसायला लागला.

चुनखडी हा काही देखणा दगड नाही. आल्याच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा, वरून मातकट. काळ्या वावरात औताला अडकला की शेतकरी त्याला शिव्या घालून बांधावर फेकतो. गावानं फेकलेल्या त्या गोट्यांवर उकंडाच्या तीन पिढ्या जेवल्या. नाल्याच्या काठाला, जिथं पुरानं दरड कापली आहे, तिथं मातीत त्याचा पांढरट थर दिसतो. उकंडा, तानुबाई आणि पोरगी प्रतीक्षा तिघं रोज सकाळी टोपली-कुदळ घेऊन तिथं जाऊ लागली. तानुबाई खणायची, प्रतीक्षा टोपली वर वाहायची, आणि उकंडा एकेक गोटा हातोडीनं फोडून बघायचा. आतून पांढरा, घट्ट निघाला की ठेवायचा. काळा खडा किंवा माती जास्त दिसली की बाजूला. शंका वाटली तर लिंबू पिळायचं. दगड फसफसला म्हणजे चुना आहे.

"बाबा, हा दगड कसा बनते माहीत हाय का?" एकदा भाकर खाताना प्रतीक्षानं विचारलं.

"जमिनीले घाम येते. तो वाळला का खडी होते."

"तसंच जवळपास," ती हसली. "पावसाचं पानी मातीतून खाली जाते, तवा मातीतला चुना विरघळून त्याच्यासंग जाते. मंग उन्हाळ्यात पानी उडून जाते अन् चुना राह्यते. थरावर थर. आपल्या मडक्याच्या बुडाले पांढरं बसते न, तेच."

उकंडानं हातातला गोटा उलटा-सुलटा केला. "म्हंजे पान्यानंच केला हा?"

"पान्यानंच."

"अन् पानीच त्याचा वैरी."

"भाजल्यावर, बाबा. आमच्या पुस्तकातबी होतं. चुनकळीत पानी टाकलं का भांडं तापते. सरनं करून दाखवलं होतं."

"पाह्य," उकंडा तानुबाईला म्हणाला, "आपलंच घेतलं पुस्तकवाल्यानं."

प्रतीक्षा पोलीस भरतीची तयारी करत होती. लग्नाला बऱ्याच वर्षांनी झालेली ही एकच लेक. उजाडायच्या आत शाळेच्या मैदानावर पळायची, घरी येऊन गोळाफेकीच्या सरावासाठी काळा गोल दगड खांद्याला लावून अंगणात फेकायची. तानुबाईच्या दोन कोंबड्या त्या दगडाला भिऊन अंगणात यायच्याच बंद झाल्या होत्या. मागच्या भरतीत ती थोडक्यात हुकली होती. ज्या दिवशी हुकली त्या दिवशी रडली, दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायला गेली. या वेळी तिचं होणार हे गावातल्या कोणाही माणसानं सांगितलं असतं. तिचं अंग, तिचा दम, तिची नजर, सगळं तयार होतं. उकंडाला तिच्या पायाचे तळवे बघून वाईट वाटायचं आणि छाती भरूनही यायची. चुना या घरात आपल्याबरोबर संपणार, याचं त्याला आता दुःख नव्हतं. पोरगी वर्दीत जाणार होती.

भट्टी रचली. लाकडाचा थर, खडीचा थर, कोळशाचा थर, पुन्हा खडी. शिशी टांगली, हळदीकुंकू लागलं, आग पेटली. रात्रंदिवस धूर निघाला आणि मग भट्टी निवत बसली. चैत्राच्या उन्हात भट्टीच्या खालच्या तोंडातून चुना ओढायला सुरुवात केली. भाजलेल्या खडीची कळी निघाली होती पांढरी फेक, हलकी, एकमेकींवर वाजली की भांड्यासारखी खणखणणारी. शेडमध्ये मावेना म्हणून बाहेर फरशीवर ढीग घातला.

"शकूरभाईले म्हन, डोयानं येऊन पाह्य," तो तानुबाईला म्हणाला. सकाळपासून त्यानं हे तिला कितीतरी वेळा सांगितलं होतं.

दुपार कलली तेव्हा घाटाकडून ढग आले. आधी वारा सुटला, भट्टीची राख उडाली, आणि पावसाचे टपोरे थेंब फरशीवर पडायला लागले.

"ताडपत्री!" उकंडा ओरडला. "तानू, तिकून धर! प्रतीक्षा, दोरी ओढ वं!"

तिघंही धावली. वारा ताडपत्री हातातून हिसकत होता. थेंब पडतील तिथं कळी चरचरत होती, तडकत होती, वाफ काढत होती. प्रतीक्षा ढिगाच्या अगदी अंगाशी वाकून दोरी खुंटीला गुंडाळत होती आणि तेवढ्यात तिच्या तोंडासमोरचा एक गड्डा फुटला. फार आवाज झाला नाही. तिनं दोरी सोडली, हात तोंडावर नेला.

"बाबा! डोळा!"

पाऊस आता जोरात कोसळत होता. प्रतीक्षा दोन पावलं ढिगापासून लांब झाली, तिनं तोंड वर केलं आणि बोटांनी डोळा फाकून पावसाखाली धरला. उकंडानं ते पाहिलं. तो धावला, खांद्यावरचा दुपट्टा त्यानं तिच्या तोंडावर टाकला आणि दंडाला धरून तिला ओढत शेडमध्ये आणलं.

"पानी नको लागू देऊ! डोया शिजून जाईन, बाई!"

तिनं ओढाताण केली नाही. ती उकंडाची पोर होती. त्यालाच यातलं कळतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती खाली बसली. तानुबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. उकंडानं शेडमधल्या कोरड्या फडक्यानं डोळा पुसला, जेवढं पांढरं निघालं तेवढं काढलं आणि खांबावरची शिशी सोडून एरंडेलाची धार डोळ्यात धरली.

"बाबा, लय आग होऊन राह्यली. धुवू द्या न."

"नाही, माय. जराक दम धर. तेल खेचून घेते."

"धुवू द्या न, बाबा."

"माह्यं ऐक. मी काय तुह्या वाईटाचं सांगीन?"

ती पाय आपटत होती. तानुबाई तिच्या कपाळावर तोंड टेकून रडत होती. शेडच्या टिनावर पाऊस असा वाजत होता की बोललेलं ऐकू येईना. पन्हाळीतून पाण्याची मनगटाएवढी धार त्यांच्यापासून हातभर अंतरावर पडत होती. तिला दवाखान्यात न्यायचं हे उकंडाच्या लगेच मनात आलं होतं, पण एवढ्या पावसात तिला बाहेर काढायचं कसं? वाटेत डोळ्यात पाणी गेलं तर? म्हणून पाऊस उघडेपर्यंत ती तिघं तिथंच थांबली.

बुलडाण्याच्या दवाखान्यात नर्सनं तिला टेबलावर निजवलं आणि पाण्याच्या बाटलीची नळी डोळ्याशी नेली. उकंडा मध्ये पडला.

"बाई, पानी नका टाकू! चुना हाय तो!"

"तुम्ही बाहेर व्हा, काका."

"अवो, मी लोणारी हावो, मले माहीत हाय..."

एका वॉर्डबॉयनं त्याला बखोटीला धरून बाहेर काढलं आणि दार लावलं. अंगावर ओला सदरा, त्यावर तेलाचे आणि चुन्याचे डाग. बाकावरची माणसं सरकून बसली. उकंडा भिंतीला टेकून उभाच राहिला. आत फार वेळ पाणी चाललं होतं. बाटलीमागून बाटली गेली, आणि प्रत्येक बाटलीला त्याच्या काळजाचं पाणी झालं.

डोळ्यांची डॉक्टरीण बाहेर आली तेव्हा तिनं त्याला आत बोलावून बसायला सांगितलं. "लागल्यावर लगेच पाण्यानं धुतलं होतं का?"

"नाही, बाई. थेंब लागू देला नाही," उकंडा म्हणाला. अजूनही त्याच्या आवाजात थोडा ताठा होता. "कोरडं पुसलं अन् एरंडेल घातलं."

मग तिनं खुर्ची जवळ ओढली. "काका, थोड्या चुन्याला थोडं पाणी लागलं तर तो तापतो, हे खरं आहे. पण डोळ्यात पाणी असतंच ना? त्या पाण्यात तो तेलाखाली बसून जाळत राहिला. त्याच क्षणी भरपूर पाणी ओतलं असतं तर तो वाहून गेला असता. घागरभर ओतायचं, थांबायचंच नाही. तिथं जवळ पाणी नव्हतं का?"

उकंडानं तोंड उघडलं. पलीकडच्या टेबलावर प्रतीक्षा निजली होती, एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा आणि छताकडे लागलेला. तिला सगळं ऐकू जात होतं.

"पाऊस होता," तो म्हणाला.

पुढं अकोल्यालाही नेलं. थेंब झाले, मलम झालं, एक लहान शस्त्रक्रिया झाली. डोळा राहिला, पण बुबुळावर पांढरं आलं ते आलंच. त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, याहून जास्त आता होणार नाही, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. परत येताना एसटीत प्रतीक्षा खिडकीशी बसली होती. उकंडा तिच्या त्या बाजूला बसला होता, आणि तो बसला आहे हे तिला मान पूर्ण वळवल्याशिवाय दिसत नव्हतं.

चुन्याचं मात्र काहीच बिघडलं नव्हतं. पावसानं भिजलेली कळी आपसूक फुलून तिचा लोण्यासारखा चुना झाला होता. शकूरनं तो हौदात घालून ठेवला, पुढं बारवेच्या कामालाही घेतला. ज्याच्यासाठी धावाधाव केली त्याच्यासाठी कोणी धावायची गरजच नव्हती. शकूर हे सांगता सांगता मध्येच थांबला आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला. भला माणूस होता.

गाव भेटायला येत होतं. बाया तानुबाईजवळ आत बसायच्या, पुरुष ओसरीवर. एकदा जुने सरपंच भगवंतराव आले, बरोबर शेजारचा गोपाल होता. चहा झाला.

"होनाऱ्याले कोन काय करते," भगवंतराव म्हणाले. "पन उकंडा, तू होता म्हनून निभावलं. दुसरा कोनी असता त घाबरून पान्याचा तांब्या ओतला असता. मंग दोन्ही डोये गेले असते पोरीचे."

दाराआड प्रतीक्षा गहू निवडत होती. ताटातले खडे वाजायचे थांबले.

"तसं नाही, मालक," उकंडा म्हणाला. त्याला वाटलं, आता बोललो नाही तर जन्मात बोलवणार नाही. "डॉक्टरीनबाई म्हने पानीच पाह्यजे होतं. लय पानी. माह्यं चुकलं. ते पावसात उभी होती, म्याच तिले ओढून आनलं."

मग गोपाल हसला. चेष्टेनं नाही, समजूत घालावी तसा.

"काहीबी काय बोलता, काका? चुन्यात पानी? डॉक्टरीन काय भट्टी लावते काय? माह्या पायावर कळी पडली तवा तुमीच त सांगतलं, गोपाल, पान्याले शिवू नको म्हनून."

"ते म्याच सांगतलं, पन..."

"मंग? मले काय झालं? पाय हाय न जाग्यावर?"

"मन खाते बापाचं," भगवंतराव उठता उठता म्हणाले. "सोताले दोष देऊ नको बाप्पा. तुह्याइतका चुना कोनाले कयते या गावात?"

उकंडा त्यांच्यामागं अंगणापर्यंत गेला. त्याला त्यांना धरून हलवावंसं वाटत होतं. जन्मभर आपणच सांगत आलो, आणि आता आपलंच कोणी ऐकायला तयार नाही, हे त्याला सहन होईना. तो परत आला तेव्हा गव्हातले खडे पुन्हा वाजायला लागले होते. शिशी त्यानं त्याच दिवशी नाल्यात नेऊन फेकली.

आणि मग भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख आली. तानुबाई म्हणाली, कशाला जाते आता. वैद्यकीय तपासणीत एका डोळ्यानं कोणी पुढं जाऊ देत नाही, हे प्रतीक्षालाही ठाऊक होतं, उकंडालाही.

"पळायले त येते मले," ती म्हणाली. "एवढं पळून ठेवलं त्याचं काय करू?"

उकंडा तिच्याबरोबर बुलडाण्याला गेला. मैदानाला जाळीचं कुंपण होतं आणि बापांना बाहेर थांबायचं होतं. त्यानं जाळीत बोटं घालून पाहिलं. ती कडेच्या पट्ट्यात उभी राहिली, पांढऱ्या डोळ्याची बाजू मोकळी राहील अशी. शिट्टी झाली आणि ती सुटली. पहिल्या वळणावर एक पोरगी तिच्या त्या बाजूनं आत घुसली; प्रतीक्षाला ती दिसलीच नाही, खांद्याला खांदा लागला, ती हेलपाटली आणि सावरली. उकंडाच्या तोंडून "माय" निघालं. पण दुसऱ्या फेरीत तिनं एकेकीला मागं टाकलं आणि शेवटी तिच्या पुढं कोणीच नव्हतं.

"तुमची काय हो?" शेजारच्या एका अनोळखी माणसानं विचारलं. "झाली मंग पोलीस. पेढे द्या."

उकंडानं मान हलवली.

ती फाटकाकडे आली तेव्हा घामानं निथळत होती. फाटकावर एक वयस्क महिला पोलीस खुर्ची टाकून बसली होती, खेड्यातलीच कोणाची तरी लेक असावी. तिनं प्रतीक्षाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"काय झालं वं डोयाले, पोरी?"

"चुना उडाला, मॅडम. कळीचा."

"अगं माय." बाई खुर्चीवरून उठली. "पानी त नाही न लावलं त्याले?"

उकंडा फाटकाच्या पलीकडे, दोन हातांवर उभा होता. प्रतीक्षानं मान पूर्ण वळवून त्याला शोधलं, आणि त्याच्याकडे बघतच ती म्हणाली, "नाही. बाबा होते न तिथं."

"बरं केलं त्याइनं," बाई म्हणाली आणि फाटक उघडून दिलं.

ती बाहेर आली. निंबाच्या सावलीत दोघं उभी राहिली. उकंडाच्या हातात पाण्याची बाटली होती, घरून भरून आणलेली.

"बाबा, तोंडावर पानी टाका," ती म्हणाली. "घामानं डोळा चुरचुरते."

तिनं तोंड वर केलं आणि बोटांनी तो डोळा फाकून धरला. उकंडानं झाकण काढलं, बाटली उचलली, पण हात हवेतच राहिला.

"टाका न, बाबा. आता काही होत नाही."

त्यानं बाटली कलती केली. पाणी तिच्या कपाळावरून त्या पांढऱ्या डोळ्यात गेलं, गालावरून खाली वाहिलं, आणि बाटली रिकामी झाली तरी तो ती तशीच धरून उभा राहिला.